सहावं पदक

जर्मनीत आल्यानंतर चौथ्या वर्षी मला पहिलं काम मिळालं, आणि तेही जुनी अक्षरं वाचता येतात म्हणून.

पुण्यात मी एका दफ्तरखान्यात बारा वर्षं मोडी वाचत होते. नवऱ्याला फ्रँकफर्टमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागली, आम्ही बाड हॉम्बुर्गला राहायला आलो, मुलगी शाळेत रुळली आणि वर्षभरात माझ्या मराठी प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायला लागली. माझ्या पदवीला सरकारी मान्यता मिळायला दीड वर्ष गेलं. ती मिळाल्यावर रोजगार कचेरीतल्या बाईंनी कागद वाचून विचारलं, "मोडी, म्हणजे फॅशनचं काही का?" जर्मनमध्ये फॅशनला मोडे म्हणतात. मी नाही म्हणाले. त्यांनी मला पाळणाघरात मदतनीस व्हायचा सल्ला दिला.

घरी बसून डोकं गंजायला लागलं तेव्हा मी गावातल्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे मोठ्या माणसांसाठीच्या सरकारी शिकवणीत, जुनी जर्मन हस्तलिपी शिकायला नाव घातलं. शंभर वर्षांपूर्वी जर्मन माणूस जे लिहायचा ते आजच्या जर्मनाला वाचता येत नाही. वर्गात सगळे निवृत्त लोक, आजोबांची पत्रं घेऊन आलेले. मला तिसऱ्या आठवड्यात ती पत्रं त्यांच्याआधी वाचता यायला लागली. त्यात माझी काही कमाल नव्हती. मोडीत जसं एक अक्षर दुसऱ्याच्या गळ्यात गळा घालून बसतं आणि आपण अंदाजाने सोडवतो, तसंच ते होतं.

त्या वर्गाच्या बाईंकडे एका दुकानदाराने माणूस मागितला होता. जुनी पदकं, सैनिकी कागदपत्रं, तलवारी विकणारं दुकान होतं. मालक साठीचे, इस्त्रीचा शर्ट, अगदी हळू बोलणारे. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं की मी आधी काय करत होते, आणि मग उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं. चार वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या मूर्खपणाचा अर्धा भाग इथेच आहे.

आठवड्याचे तीन दिवस, सकाळी. काम असं की दुकानात पदकांच्या पट्ट्या यायच्या. कैसरच्या काळातला अधिकारी आपली सगळी पदकं एका धातूच्या पट्टीवर, रंगीत फितींना लावून, ओळीने शिवून घ्यायचा आणि छातीवर डाव्या बाजूला लावायचा. तो मेला, मुलं मेली, नातवंडांनी घर रिकामं केलं की ती पट्टी एखाद्या सिगारच्या डब्यातून बाजारात येते. पट्टीवर नाव नसतं. पण त्या काळी सैन्य दरवर्षी अधिकाऱ्यांच्या याद्या छापायचं, आणि प्रत्येक नावापुढे त्याला मिळालेल्या पदकांच्या खुणा असायच्या. पट्टीवर एखादं दुर्मीळ पदक असेल तर त्या याद्या चाळत चाळत, हा नाही, हा नाही, करत शेवटी एकच माणूस उरतो. मग त्याचं लग्न, त्याचा पत्ता, त्याचा मृत्यू, सगळं हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांतून काढायचं. हे सगळं मला इतकं आवडायचं की मी घरी येऊन स्वयंपाक करतानाही त्याच विचारात असायचे.

मुलीने एकदा विचारलं, "ममा, हे लोक नाझी होते का?" जर्मनमध्येच. मी सांगितलं, बहुतेक त्याच्या आधीचे. नंतरच्या काही पट्ट्यांवर स्वस्तिक असायचं, आपलं नव्हे, ते. जर्मनीत ते चिन्ह दाखवायला बंदी आहे, म्हणून दुकानाच्या विक्रीच्या छापील यादीत त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा असतो. तेवढे तुकडे कापायचं कामही माझ्याकडे होतं. मुलगी म्हणाली, "आणि तू त्यांची नावं शोधतेस." मी म्हणाले, हो.

प्रत्येक पट्टीसाठी मी एक कागद करायचे. काय आहे, काय नाही, कोण कोण बसतं. दफ्तरातली सवय. जिथे अडायचं तिथे तेही लिहायचे: जर अमुक पदक असतं, तर हाच माणूस. ते कागद मी मालकांच्या टेबलावर ठेवायचे. ते वाचायचे आणि म्हणायचे, "गेनाऊ, अगदी बरोबर. असंच काम हवं." मला बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी एका मेलेल्या माणसाच्या घरातल्या सामानाबरोबर सिगारच्या डब्यात पाच पदकांची एक पट्टी आली. लोखंडी क्रॉस, लाल गरुड नावाचं पदक, चौथ्या वर्गाचं, कैसरच्या आजोबांच्या स्मरणार्थ सगळ्यांना वाटलेलं एक, पहिल्या महायुद्धात लढल्याचं एक, आणि लिप्पे नावाच्या छोट्या संस्थानाचा क्रॉस. आपल्याकडे औंध, फलटण, सांगली होती तशी जर्मनीत ढीगभर संस्थानं होती आणि प्रत्येकाचं आपलं पदक होतं. लिप्पेमुळे मी एका रेजिमेंटपर्यंत पोचले. तिथे तीन नावं उरली आणि मी अडकले.

"तीन माणसं आहेत," मी मालकांना सांगितलं. "तिघांनाही ही पाचही मिळाली होती. त्यातल्या एकाला बुडणाऱ्याला वाचवल्याचं पदकही होतं. ते इथे असतं तर प्रश्नच नव्हता."

"पण नाहीये."

"नाहीये."

"वाईट झालं," ते म्हणाले आणि पट्टी परत डब्यात ठेवली.

दोन आठवड्यांनी मी आले तर तो डबा माझ्या जागेवर होता. मालक शेजारी उभे राहिले. "तळाचं कापड काढून बघा," म्हणाले. मी काढलं. खाली एक छोटं चांदीचं पदक होतं, मळक्या नारिंगी-पांढऱ्या फितीसकट. बुडणाऱ्याला वाचवल्याचं. मग त्यांनी पट्टीचं उजवं टोक भिंगाखाली धरलं. तिथे दोन तुटके धागे लोंबत होते.

"सुटून पडलं असणार," ते म्हणाले.

ते धागे आधी होते का, हे मला आठवत नव्हतं. माझ्या पहिल्या कागदात धाग्यांची नोंद नव्हती. पुण्यात कोणी मला असा सुटा कागद आणून दिला असता, की बाई, हा याच बाडातला, तर मी दहा प्रश्न विचारले असते. इथे एकही विचारला नाही. मला तो माणूस सापडायला हवा होता.

मालकांनी पदक शिवून आणलं. मी वर्णन लिहिलं, त्यात एक ओळ घातली की शेवटचं पदक सुटं सापडलं आणि पुन्हा शिवलं आहे. छापील यादी आली तेव्हा ती ओळ नव्हती. मी विचारलं. "जागा पुरली नाही," ते म्हणाले, आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, संशोधन, आणि पुढे माझं पूर्ण नाव. दीड वर्ष मी ओळख पटवलेल्या सगळ्या पट्ट्या दुकानाच्या नावाने छापल्या गेल्या होत्या. या वेळी माझं नाव. मी त्या पानाचा फोटो काढून पुण्याला माझ्या जुन्या साहेबांना पाठवला. गाळलेल्या ओळीबद्दल पुन्हा बोलले नाही.

त्या अधिकाऱ्याची नात हयात होती, तेही मीच शोधलं. त्याच्या मुलीच्या लग्नाची नोंद, तिच्या निधनाची वर्तमानपत्रातली चौकट, त्यात मुलांची नावं, आणि शेवटी हॅनोव्हरचा एक पत्ता. मालक म्हणाले, "लिहा त्यांना. तुमच्या हाताने लिहा, टाइप करू नका." मी चार वेळा कच्चं लिहून पाचव्यांदा पक्कं लिहिलं. आठवड्याने त्या बाईंचा फोन आला. आवाज म्हातारा पण स्पष्ट.

"ती नक्की त्यांचीच आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "दुसरं कोणी बसतच नाही."

त्यांच्या पुतण्याने दुकानाशी व्यवहार केला. बाईंना गुडघ्यांमुळे प्रवास होत नव्हता आणि पोस्टाने नको होती, म्हणून मीच ती घेऊन हॅनोव्हरला गेले. मला जायचंच होतं. इतक्या माणसांची नावं शोधली, पण त्यांच्या घरचं माणूस कधी पाहिलं नव्हतं.

ट्रामच्या थांब्याजवळ दुसऱ्या मजल्यावर घर. बाईंनी टेबलावर धुतलेलं पांढरं कापड पसरून ठेवलं होतं, पट्टी ठेवायला. कॉफी आणि आलुबुखाराचा केक. मी पट्टी ठेवली. त्यांनी चष्मा बदलला आणि सगळ्यात आधी शेवटच्या पदकाला हात लावला.

"हे मला आठवतं," त्या म्हणाल्या. "नारिंगी आणि पांढरं. आजोबांनी एका शिपायाला नदीतून काढलं होतं. आई सांगायची."

मग त्या उठल्या आणि कपाटातून एक फोटो घेऊन आल्या. आजोबा म्हातारे, साध्या कोटात, कुठल्यातरी समारंभात, छातीवर पट्टी. "ओळखू येते ना?" त्यांनी विचारलं.

फोटो मोठा आणि स्वच्छ होता. त्या पट्टीवर आठ पदकं होती. बुडणाऱ्याला वाचवल्याचं तिसरं होतं, शेवटचं नव्हे. आणि दोन अशी होती जी आमच्या पट्टीवर नव्हतीच, कधी असायला जागाही नव्हती. हे कळायला मला भिंग लागलं नाही. दोन वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "येते."

त्यांनी मला केकचा दुसरा तुकडा वाढला आणि मी तो खाल्ला.

परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावत होते की अधिकारी कधीकधी दोन पट्ट्या करून घ्यायचे, एक मोठी, एक छोटी. हे खरं आहे. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "असेल मग दुसरी. तू कशाला अंगावर घेतेस?"

सोमवारी मी दुकानात गेले तेव्हा मालक पोस्टात गेले होते. मागच्या खोलीत छोट्या खणांचं एक उभं कपाट होतं, शिवणाच्या सामानाचं. मी ते कधी उघडलं नव्हतं, कुलूपही नव्हतं त्याला. वरच्या खणात जुन्या फितींच्या गुंडाळ्या. त्याखालच्यात पातळ कागदात गुंडाळलेली सुटी पदकं: लिप्पेचे क्रॉस, आणखी दोन संस्थानांचे, आणि बुडणाऱ्याला वाचवल्याची तीन. सगळ्यात खाली एक फाइल. तिच्यात माझ्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. प्रत्येक कागदावर "जर" ने सुरू होणारं वाक्य लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेलं. काही वाक्यांपुढे बरोबरची खूण होती. हॅनोव्हरच्या पट्टीपुढे होती. मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

मालक आले, कोट अडकवला, मला आणि उघड्या खणाला पाहिलं.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', असं ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"ते पदक डब्यात नव्हतं," मी म्हणाले.

"नव्हतं."

"धागेही तुम्हीच लावलेत."

"तुम्ही किती दिवस त्या तिघांत अडकून पडला होतात. मी तुमची अडचण सोडवली. तुम्हाला आनंद झाला नव्हता का?"

"मी त्या बाईंना माझ्या तोंडाने सांगितलं की ती त्यांच्या आजोबांची आहे."

"त्या खूश आहेत. तुम्ही स्वतः पाहून आलात." ते नेहमीइतकंच हळू बोलत होते. "पाच पदकं खरी आहेत. सहावंही खरं आहे, त्याच काळातलं. माणूस खरा आहे. तुम्ही यादीत दाखवलात तो. मी यात काय खोटं केलं?"

मला जर्मनमध्ये भांडता येत नाही. मनात वाक्य तयार होईपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो. मी एवढंच म्हणाले की बाकीच्या खुणा केलेल्या पट्ट्या कोणी घेतल्या त्यांची नावं मला द्या, मी त्यांना लिहीन.

"ते मला देता येणार नाही," ते म्हणाले. "डाटनशुट्स." गिऱ्हाइकांच्या माहितीचं संरक्षण, कायदाच आहे तसा. मग म्हणाले, "आणि पानाखाली नाव तुमचं आहे. विचार करा."

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. पुन्हा गेले नाही.

बाईंना सांगायला हवं होतं. इथे मी धीर दाखवला असं लिहायला मला आवडलं असतं. त्या दिवसांत आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज परदेशी लोकांच्या कचेरीत पडून होता. नवरा म्हणाला, "पोलिसांपर्यंत गेलं तर तुझं नाव आहे सगळ्यावर. त्या माणसाचं नाही. तुझं. अर्ज अडकला तर काय करायचं? पोरीची शाळा आहे इथे."

"मग गप्प बसू?"

"मी गप्प बस म्हणत नाहीये. आत्ता नको म्हणतोय."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, पण केलं त्याने सांगितलं तेच. तीन आठवडे गेले. त्याला दोष देणं सोपं आहे. फोन माझ्याच हातात होता.

शेवटी मी कळवून हॅनोव्हरला गेले. दार उघडताच दिसलं की भिंतीवर काचेच्या चौकटीत पट्टी लावली आहे, शेजारी आजोबांचा तो फोटो. दोन्ही एकाशेजारी एक. दोन्हींवरची पदकं कोणीही मोजावीत अशी.

या वेळी मी कॉफी नको म्हणाले. बाई समोर बसल्या आणि मी सांगितलं. डबा, कापड, धागे, कपाटाचा खण, फाइल. मी घरून वाक्यं पाठ करून गेले होते, ती सगळी नीट आली.

"आमची खरी पट्टी," त्या म्हणाल्या, "युद्धानंतरच्या हिवाळ्यात आईने एका शेतकऱ्याला दिली. बटाट्यांसाठी. मी सहा वर्षांची होते, पोतं मी धरलं होतं. त्याने ती खिशात टाकली आणि बटाटे मोजून घातले. तुमचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, त्या शेतकऱ्याच्या घरातून कोणीतरी विकली असेल."

मी माफी मागितली.

"फोटो दाखवला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं का?"

"हो."

"तेव्हा सांगायला हवं होतंत. तेव्हा मी ती टेबलावरून उचलून तुम्हाला परत दिली असती." त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. "मधल्या काळात माझा पंच्याऐंशीवा वाढदिवस झाला. सगळे आले होते. भावंडांची नातवंडंसुद्धा. मी त्यांना बटाट्यांची गोष्ट सांगितली आणि मग ही दाखवली. माझी बहीण रडली. आता मी त्यांना काय सांगू?"

मी म्हणाले की त्यांनी तक्रार केली तर दुकानाला पट्टी परत घ्यावी लागेल. मी साक्ष देईन, फाइलबद्दल सांगेन.

"तक्रार कोणाविरुद्ध करू?" त्यांनी विचारलं. "पत्र तुमचं आहे."

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. त्यांना खरंच तेवढंच माहीत होतं. दुकानाच्या मालकाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. त्यांच्या घरी बसून केक खाणारी मी होते.

दाराशी त्यांनी माझं आडनाव, नेहमीसारखं तीन तुकड्यांत, उच्चारलं आणि म्हणाल्या, "माझ्या पुतण्याला सांगू नका. आणि पुन्हा येऊ नका."

मी दोन्ही पाळलं. फसवलं गेलेलं माणूसच बोलायला तयार नाही म्हटल्यावर मी तक्रार केली असती तर ती फक्त माझ्या शब्दावर, आणि माझ्या शब्दाची किंमत त्या पानाच्या तळाशी छापलेली होती. मग वास्तव्याचा परवाना आला. नवऱ्याने मिठाई आणली. आता करायची का तक्रार, असं त्यानेही विचारलं नाही आणि मीही नाही.

त्या फाइलमधल्या इतर खुणांचं काय झालं ते मला माहीत नाही. अधूनमधून इंटरनेटवर एखाद्या लिलावात माझ्या ओळखीची पट्टी दिसते, आता तीन हातांतून गेलेली, आणि खाली माझंच वर्णन, शब्द न् शब्द. मी अशा दोन लिलावकर्त्यांना लिहिलं. एकांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं की या विषयातली माझी अर्हता काय.

वर्षभराने मी एका इस्पितळाच्या नोंदी विभागात अर्ज केला. जुन्या रुग्णांच्या हस्तलिखित फाइली वाचून संगणकात भरायच्या. त्यांना आधीच्या मालकाचं प्रशस्तिपत्र हवं होतं. जर्मनीत त्याशिवाय हलत नाही. मी दुकानाला दोन ओळींचं पत्र टाकलं, काही येईल अशी आशा नव्हती. चार दिवसांत जाड कागदावर, सहीशिक्क्यानिशी आलं. या देशात प्रशस्तिपत्रांची ठरलेली भाषा असते आणि तिच्यातली सगळ्यात वरची पायरी कोणती हे नोकरी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मालकांनी तीच वापरली होती. बाई अत्यंत काटेकोर, पूर्ण विश्वासार्ह, त्यांचं काम आमच्या संपूर्ण समाधानाचं, नेहमीच.

मी ते पत्र दिवसभर टेबलावर ठेवलं. संध्याकाळी अर्जाला जोडलं. नोकरी मिळाली.